विकास आराखडा कसा वाचावा आणि हरकत कशी नोंदवावी: पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात घर किंवा जागा शोधायला निघालेल्या माणसाच्या कानावर चार दिवसांत ‘डीपी’ (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजेच विकास आराखडा) हा शब्द पडतोच. ‘समोरून डीपी रोड जाणार आहे’, ‘त्या प्लॉटवर आरक्षण आहे’, ‘नव्या डीपीत हा पट्टा पिवळा झालाय’ अशी वाक्ये दलालापासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे जण सारख्याच खात्रीने बोलतात, आणि बहुतेकांच्या मोबाईलमध्ये पुरावा म्हणून एक रंगीत नकाशाही असतो. तो नकाशा खोटा असतो असे नाही. मात्र तो आराखड्याच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. शहराचा विकास आराखडा एका दिवसात ‘मंजूर’ होत नाही. तो काही वर्षे अनेक टेबलांवरून फिरतो, प्रत्येक टेबलावर त्याच्यात बदल होतात, आणि नागरिकाचे हक्कही टप्प्यागणिक बदलतात. म्हणून कोणताही नकाशा हातात आला की ‘यात माझी जागा कोणत्या रंगात आहे?’ याच्या आधी ‘हा नकाशा कधीचा आणि कोणी काढलेला?’ हा प्रश्न विचारावा. पुढील पायऱ्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: आपला भाग कोणाच्या आराखड्यात येतो ते ठरवा

‘पुणे’ या एका नावाखाली अनेक नियोजन प्राधिकरणे नांदतात, आणि नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी आणि तिचा आराखडाही वेगळा. तिने मे २०२५ मध्ये आपला सुधारित प्रारूप आराखडा स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा कारभार पुणे महापालिकेकडे नाही. महापालिकेच्या जुन्या हद्दीचा, म्हणजे पेठा, शिवाजीनगर, कोथरूड, येरवडा, हडपसर अशा भागांचा आराखडा राज्य शासनाने ५ जानेवारी २०१७ रोजी मंजूर केला. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या आणि पुढे त्यातून कायम ठेवलेल्या २३ गावांचा (बाणेर, बालेवाडी, खराडी, कात्रज इत्यादी) आराखडा निराळा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरी, उंड्री, आंबेगाव, लोहगावचा उर्वरित भाग, फुरसुंगी, उरुळी देवाची अशी ११ गावे आली. ३० जून २०२१ रोजी वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, मांजरी बुद्रुक यांच्यासह आणखी २३ गावे आली. २०१७ मध्ये आलेल्यांतील फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे महापालिकेतून काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

गाव महापालिकेत आले म्हणजे महापालिकेचा आराखडा त्याला आपोआप लागू झाला, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. नव्या हद्दीसाठी नवा आराखडा तयार होऊन मंजूर होईपर्यंत तेथे आधीच्या योजनेतील जमीन वापरच चालतो. समाविष्ट गावांच्या बाबतीत ही आधीची योजना म्हणजे १९९७ साली मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांसाठी शासनाने नियोजनाचे काम महापालिकेऐवजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘पीएमआरडीए’कडे दिले होते. म्हणजे घरपट्टीची पावती एका संस्थेची आणि आराखडा दुसऱ्या संस्थेचा, अशी स्थितीही असू शकते. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने तो प्रारूप रद्द केला. त्या चार वर्षांत त्या नकाशावरचे रंग दाखवून ज्यांनी प्लॉट विकले आणि ज्यांनी घेतले, त्यांच्यासाठी तो नकाशा आज एक चित्र आहे.

दुसरी पायरी: आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखा

सगळी प्रक्रिया महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने बांधलेली आहे. त्यातील चार-पाच कलमांचे आकडे पाठ असले, तरी वर्तमानपत्रातली नोटीस वाचताना गोंधळ होत नाही.

सुरुवात होते ती कलम २३ खालील ‘इरादा’ जाहीर करण्यापासून. आम्ही या हद्दीचा आराखडा तयार करणार किंवा सुधारणार आहोत, एवढेच तेथे म्हटलेले असते. नकाशा अजून नसतो. त्यानंतर कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण होते. कुठे घरे आहेत, कुठे शेती, कुठे शाळा, कुठे ओढा, याचा हा नकाशा असतो. लोक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. आपली चार मजली इमारत या नकाशात ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवली गेली असेल, तर पुढे त्या जागेवर उद्यानाचे आरक्षण पडले किंवा तिच्यावरून १८ मीटरचा रस्ता आखला गेला, यात नवल नाही; आखणाऱ्याच्या समोरच्या कागदावर ती जागा खरोखरच मोकळी होती.

तिसरा टप्पा प्रारूप आराखड्याचा. कलम २६ खाली राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. ही मुदत महिन्या-दोन महिन्यांची असते. शेजाऱ्याने सांगितलेली तारीख न मानता नोटिशीत छापलेलीच खरी मानावी. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या.

प्रारूप हे निव्वळ प्रारूपच असते, म्हणून त्याचा काही परिणाम नाही, असेही समजू नये. बांधकाम परवानगीचा अर्ज तपासताना प्राधिकरणाने प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार करावा, असे कलम ४६ सांगते. त्यामुळे जुन्या आराखड्यात निवासी असलेल्या जागेवर नव्या प्रारूपात शाळेचे आरक्षण पडले, तर परवानगी त्या दिवसापासूनच अडू शकते.

चौथ्या टप्प्यावर कलम २८ ची नियोजन समिती येते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ मिळून ती हरकतदारांना ऐकते आणि अहवाल देते. अहवाल मुख्य सभेपुढे जातो. लोकनियुक्त सभा नसेल, तर हे अधिकार प्रशासक वापरतो, आणि पुण्यात मार्च २०२२ पासून मोठा काळ तसाच गेला. बदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर ते पुन्हा प्रसिद्ध करून त्यावर नव्याने हरकती घ्याव्या लागतात.

शेवटी कलम ३० प्रमाणे आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली शासन तो मंजूर करते. इथेही एक पोटभेद आहे. शासनाला ज्या भागात मोठे फेरबदल करायचे असतात, तो भाग मंजुरीतून वगळला जातो, त्याला ‘ईपी’ म्हणजे वगळलेला भाग म्हणतात, आणि त्यावर शासनच वेगळी नोटीस काढून हरकती मागवते. २०१७ च्या मंजुरीतही असे भाग होते. मंजुरीच्या अधिसूचनेत अंमलबजावणीची तारीख दिलेली असते आणि ती प्रसिद्धीनंतर किमान एक महिन्याची असावी लागते. कायद्याने बांधील असा ‘अंतिम आराखडा’ त्या तारखेपासून सुरू होतो.

पुण्याचा अनुभव असा की, कायद्यातल्या मुदती आणि प्रत्यक्षातले कॅलेंडर यांची फारशी ओळख नसते. आधीचा आराखडा १९८७ चा होता. त्यानंतरचा २००७ ते २०२७ या काळासाठी म्हणून आखला गेला. महापालिकेकडून तो मुदतीत पूर्ण न झाल्याने मार्च २०१५ मध्ये शासनाने तो आपल्या हाती घेतला, विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमली आणि अखेर २०१७ मध्ये मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षे मंजुरीतच गेली. म्हणून ‘नवा डीपी पुढच्या वर्षी येतोय’ या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नये.

तिसरी पायरी: आपली जागा नकाशावर शोधा

आराखडा सोसायटीच्या नावाने किंवा गल्लीच्या नावाने बोलत नाही. तो जमिनीच्या क्रमांकाने बोलतो. उपनगरांत आणि गावांत सर्व्हे नंबर किंवा गट नंबर लागतो आणि तो सातबाऱ्यावर मिळतो. पेठांमध्ये सिटी सर्व्हे नंबर चालतो आणि तो मिळकत पत्रिकेवर असतो. शिवाजीनगर, एरंडवणे अशा भागांत जुन्या नगररचना योजना झालेल्या असल्याने तेथे ‘फायनल प्लॉट’ क्रमांक असतो. जुन्या बंगल्यांच्या पत्त्यांत तो अजूनही दिसतो. सदनिका असेल तर करारनाम्याच्या पहिल्या परिशिष्टात हा क्रमांक हिश्श्यासह लिहिलेला असतो. हिस्सा क्रमांक महत्त्वाचा आहे, कारण एका सर्व्हे नंबरमध्ये पंधरा-वीस हिस्से असू शकतात आणि आरक्षण त्यांपैकी दोनवरच असू शकते.

क्रमांक मिळाल्यावर नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची सूची आधी वाचावी आणि मगच रंग पाहावेत. निवासी विभाग सामान्यतः पिवळ्या रंगात असतो, पण विद्यमान वापराचे आणि प्रस्तावित वापराचे नकाशे वेगळे असतात आणि घाईत त्यांची सरमिसळ होते. प्रमाणाकडेही लक्ष द्यावे. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावरची एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर १० मीटर भरते. एवढ्यात एक अख्खी इमारत आत किंवा बाहेर जाऊ शकते. मोबाईलवर नकाशा मोठा करून ‘रस्ता आपल्या भिंतीला लागून जातो’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

खात्री हवी असेल तर दोन कागद काढावेत: झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातला आपल्या जागेपुरता तुकडा). दोन्ही नियोजन प्राधिकरणाकडून शुल्क भरून मिळतात, आणि अर्जासोबत अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा जोडावा लागतो. झोन दाखल्यात तुमचा क्रमांक कोणत्या विभागात येतो, त्यावर आरक्षण किंवा रस्ता आहे का, हे लेखी असते. हा कागद नसताना झालेली सगळी चर्चा ही गप्पा समजावी.

नदीकाठच्या जागेसाठी आणखी एक काम करावे लागते. जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा आपल्या जागेवरून जाते का ते पाहावे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा या रेषा म्हणजे काय, हे अनेकांना पहिल्यांदा कळले.

चौथी पायरी: आरक्षण म्हणजे काय, हे घाबरण्याआधी समजून घ्या

आरक्षण म्हणजे जमीन महापालिकेची झाली असे नव्हे. मालकी मूळ मालकाचीच राहते. शाळा, उद्यान, दवाखाना, मंडई किंवा रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी ती राखून ठेवली जाते आणि मालकाला तेथे दुसरे बांधकाम करता येत नाही. कलम १२६ प्रमाणे ती घेण्याचे तीन मार्ग आहेत: बोलणी करून पैसे देणे, पैशाऐवजी टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच मालकाच्या जागेवर वाढीव बांधकामाची मुभा) देणे, अथवा भूसंपादन करणे. पुण्यात रोख मोबदल्यापेक्षा टीडीआरवरच भर राहिलेला आहे. काही आरक्षणांमध्ये मालकाला जागेचा एक भाग बांधून पालिकेकडे द्यायचा आणि उरलेला आपण वापरायचा अशीही मुभा असते. त्याला समावेशक आरक्षण म्हणतात, आणि त्याचे नियम डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत.

अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते, आणि शासन तसे राजपत्रात जाहीर करते. २०१७ च्या आराखड्यातील आरक्षणांची ही दहा वर्षे २०२७ मध्ये भरत असल्याने हे कलम पुढच्या काळात बरेच ऐकू येईल. शेजारच्या उद्यानाच्या भरवशावर फ्लॅट घेणाऱ्यानेही ते ऐकून ठेवावे, कारण मालकाची सुटका म्हणजे परिसराच्या उद्यानाचा शेवट असू शकतो.

उलटही घडते: आरक्षण आहे, व्यपगत झालेले नाही आणि होतही काही नाही. शहराभोवती फिरणारा ‘एचसीएमटीआर’ हा वर्तुळाकार उन्नत मार्ग १९८७ च्या आराखड्यात होता. अनेक जागांवर त्याची रेषा चार दशके बसून आहे. बालभारती ते पौड फाटा रस्ताही आराखड्यात आहे, आणि वेताळ टेकडीच्या प्रश्नावरून त्याला नागरिकांचा विरोध आहे. ‘डीपीत आहे’ आणि ‘होणार आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

टेकड्यांच्या बाबतीत मात्र कसलीही जोखीम घेऊ नये. १९९७ च्या २३ गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजे ‘बीडीपी’चे आरक्षण आहे आणि शासनाने २०१५ मध्ये ते कायम केले. मोबदला म्हणून तेथे ८ टक्के टीडीआरची तरतूद झाली. या उतारांवर एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट स्वस्तात विकण्याचा धंदा जुना आहे, आणि घेणाऱ्याला ‘डीपी बदलणार आहे’ असेच सांगितले जाते.

पाचवी पायरी: हरकत लिहा

प्रारूप प्रसिद्ध झाले आणि आपल्या जागेवर किंवा परिसरावर त्याचा परिणाम होत असेल, तर हरकत लेखीच द्यावी. वकील लागत नाही, जमिनीची मालकीही लागत नाही. भाडेकरू किंवा त्या रस्त्यावरून रोज चालणारा माणूसही सूचना देऊ शकतो. विषयाच्या ओळीत आराखड्याचे नाव, नोटिशीची तारीख, गाव किंवा पेठ, जागेचा क्रमांक आणि नकाशावरील आरक्षणाचा किंवा रस्त्याचा क्रमांक लिहावा. क्रमांक नसलेली हरकत नेमकी कशावर आहे, हे समितीला शोधावे लागते, आणि हजारो अर्जांच्या गठ्ठ्यात तेवढी सवड कोणालाही नसते.

त्यानंतर एका परिच्छेदात वस्तुस्थिती आणि एका परिच्छेदात मागणी लिहावी. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. ‘हिस्सा क्रमांक अमुक येथे २००९ पासून भोगवटा पत्र मिळालेली २४ सदनिकांची इमारत आहे, विद्यमान जमीन वापर नकाशात ही जागा मोकळी दाखवली आहे, तरी नकाशा दुरुस्त करून प्रस्तावित १२ मीटर रस्ता लगतच्या नाल्याच्या पश्चिमेकडून न्यावा’ असे लिहिले की समितीसमोर तपासता येईल अशी गोष्ट येते. पर्याय सुचवणारी हरकत नुसत्या विरोधापेक्षा नेहमी जड पडते. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा पत्र, मोजणीची ‘क’ प्रत (म्हणजे मोजणी नकाशा) आणि प्रारूपाच्या नकाशावर लाल पेनाने दाखवलेली आपली जागा जोडावी.

सोसायट्यांनी एकाच मसुद्याच्या दोनशे प्रती काढून दोनशे सह्या करण्याची पद्धत आहे. संख्येला अजिबात वजन नाही असे म्हणणार नाही. पण दोनशे एकसारख्या कागदांऐवजी पुराव्यांसह एक सविस्तर हरकत आणि तिला पाठिंबा देणारी सह्यांची यादी अधिक उपयोगी पडते. शाळा दूर आहे, ओढ्याचा प्रवाह अडेल, अग्निशमन गाडी वळणार नाही, अशी वेगवेगळी कारणे असतील, तर वेगवेगळ्या हरकती देणे मात्र योग्य आहे. आरक्षण नको म्हणणाऱ्यांची गर्दी असते; आरक्षण हवे किंवा आहे ते ठेवा, असे लिहून देणारे कमी असतात. आपल्या भागात खेळाचे मैदान नसेल, तर मोकळ्या सरकारी जागेचा क्रमांक देऊन ते सुचवण्याची वेळ हीच असते.

अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नये. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. ऑनलाइन दिला असेल तर पावतीची छापील प्रत ठेवावी. सुनावणीचे पत्र याच क्रमांकावर येते.

सहावी पायरी: सुनावणी

सुनावणीला मिळणारा वेळ थोडा असतो. काही मिनिटांत तीन गोष्टी सांगाव्यात: जागा कुठे, चूक काय, उपाय काय. नकाशा उघडून समोर ठेवावा आणि आपल्या अर्जाचा क्रमांक आधी सांगावा. नवे कागद असतील तर ते तोंडी न वाचता लेखी जोडून त्यांचीही पोच घ्यावी. एकत्र गेलेल्या दहा जणांपैकी एकानेच बोलावे. सगळे बोलू लागले की वेळ संपतो आणि नोंद कशाचीच नीट होत नाही. नियोजन समितीच्या अहवालात आपल्या हरकतीवर काय शिफारस झाली, ते नंतर शोधून वाचावे. शिफारस अनुकूल असली तरी काम झाले असे मानू नये, कारण मुख्य सभा आणि शासन या दोन्ही ठिकाणी ती बदलू शकते.

सातवी पायरी: मंजुरीनंतरही नोटिसा वाचत राहा

अंतिम आराखडा लागू झाला की बहुतेक लोक फाईल माळ्यावर टाकतात. मात्र कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतात: एखादे आरक्षण हलवणे, रस्त्याची रुंदी बदलणे, शेतीच्या विभागातला तुकडा निवासी करणे. प्रत्येक फेरबदलासाठी नोटीस निघते आणि हरकतींना मुदत मिळते. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लहान टायपात, फक्त सर्व्हे नंबर देऊन छापलेली असते. आपल्या परिसरातले चार-पाच सर्व्हे नंबर लक्षात ठेवणारा एक माणूस सोसायटीत असावा, आणि वाचनाची आवड असलेल्या निवृत्त सदस्याला हे काम आनंदाने जमते.

जागा विकत घेताना म्हणूनच आधीच्या मालकाने दाखवलेल्या जुन्या झोन दाखल्यावर थांबू नये. दाखल्यावरची तारीख पाहावी, तो कोणत्या आराखड्याच्या आधारे दिला आहे ती ओळ वाचावी, आणि खरेदीखत ज्या महिन्यात करायचे त्याच महिन्यात आपल्या नावाने अर्ज करून नवा दाखला घ्यावा.